चहाच्या बशीतली गोळी

मिठबावला मी दवाखाना उघडला तेव्हा पहिले काही दिवस माझ्याकडे पेशंट आले नाहीत, प्रेक्षक आले. बाईमाणूस डॉक्टर म्हणजे नक्की काय असतं ते बघायला मासळीवाल्या बायका टोपल्या दारात उतरवून ओट्यावर बसायच्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि "बरी आसा" असा शेरा मारून उठून जायच्या. मला राग यायचा. राग मला लवकर येतो हे आधीच सांगून टाकते. मी सावंतवाडीची, डॉक्टरकी शिकले मुंबईला, आणि यजमानांना इथल्या शाळेत नोकरी मिळाली म्हणून इथे आले. हे सगळं पन्नास सालानंतरच्या काळातलं. गावात वीज नव्हती, मुंबईला जायचं तर देवगडहून बोट धरायची, आणि बोट बंद असली की कोल्हापूरमार्गे हाडं खिळखिळी करून घ्यायची.

संपादकांनी माझ्याकडे थरारक अनुभव मागितले आहेत. साप, विंचू, अडलेली बाळंतपणं यांवर आमच्या धंद्यातले सगळेच लिहितात. मी डोकेदुखीवर लिहिणार आहे. साप-विंचवांनी मला कधी फार छळलं नाही. जे काय व्हायचं ते लवकर होतं, माणूस वाचतो नाहीतर जातो. डोकं मात्र वर्षानुवर्षं दुखत राहतं आणि दर आठवड्याला दारात येऊन विचारतं, "मगे, बाय, आता काय?"

साधी डोकेदुखी शोधायला सोपी. कुणाला चष्मा लागलेला असतो, कुणाची दाढ किडलेली असते, कुणी नाकात तपकीर कोंबत असतो. पण अर्धशिशी वेगळीच. डोक्याची एकच बाजू ठोके घालू लागते. काहींना त्याआधी डोळ्यांपुढे चकचकीत नागमोडी रेघा दिसतात. मग उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको, पोटात पाणी ठरत नाही. माणूस अंधाऱ्या खोलीत डोकं बांधून पडतो, आणि एक-दोन दिवसांनी उठतो तो धुऊन पिळून काढल्यासारखा, पण ठणठणीत. हीच तर पंचाईत. काल मरणाच्या दारात होती ती आज हसते म्हटल्यावर घरच्यांना ते सोंग वाटतं. सासवांची ही समजूत काढण्यात माझी निम्मी डॉक्टरकी खर्ची पडली.

गावठी उपाय पुष्कळ. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खायची हा त्यातला नामांकित. मी त्याला हसत नसे, कारण पुष्कळांची अर्धशिशी उपाशीपोटी उठते, आणि पहाटे पोटात काही गेलं तर ती कधीकधी टळते. देवगडचे एक आंबेवाले दर हंगामात डोकं धरून यायचे. हापूसच्या पेट्या भरायच्या धांदलीत हे गृहस्थ दुपारपर्यंत नुसत्या चहावर असत. मी त्यांना सांगितलं, औषध नको, वेळेवर पेज खा. डोकं थांबलं, पण माणूस रुसला. "पेज खावा म्हणान सांगूक डॉक्टर कित्याक होयो? ता माझी बायल रोज सांगता!" बायकोचं ऐकलं असतंत तर माझं तोंड बघावं लागलं नसतं, असं मीही सुनावलं.

असे एकेक गड सर करत असताना भागीकाकी माझ्या दवाखान्यात आली आणि तिनं माझी घमेंड पार उतरवली.

भागीकाकी मासळी विकायची. नवरा तरुणपणीच गेला, एकुलता एक मुलगा येसो मुंबईला गिरणीत लागलेला, आणि घरात ही एकटी. बाजारात तिची जागा पिंपळाखाली, अगदी मोक्याची. तिच्या आवाजाला अख्खा बाजार वचकून असे. तिच्याशी भाव करायला माणसं घरून ठरवून यायची आणि तिनं सांगितलेल्या भावाला बांगडे घेऊन परत जायची. पण डोकं उठलं की ही बाई टोपलीशेजारी पदर तोंडावर घेऊन आडवी व्हायची आणि दुसऱ्याच कुणीतरी तिची मासळी विकायची.

"बाय, माझा अर्धा टकला काडून टाक," ती डोकं धरून म्हणाली. "उरलेल्या अर्ध्यार मी भागयन."

मी सगळे प्रश्न विचारले. अर्धशिशीच होती, तरुणपणापासूनची. पण पूर्वी ती अधूनमधून यायची, आणि आता दोन-तीन वर्षं जवळजवळ रोज दुखत होतं. हे माझ्या पुस्तकात बसत नव्हतं. अर्धशिशी येते आणि जाते, ती बिऱ्हाड करून राहत नाही.

"औषध कसला घेतंस?" मी विचारलं.

"कायेक नाय गो. तू देशीत ता."

मग मी द्यायला सुरुवात केली. डोळे तपासून आणवले, एक दाढ काढायला लावली, झोपेचं बघितलं. राय नावाच्या धान्यावर एक बुरशी धरते, तिच्यापासून केलेल्या गोळ्या तेव्हा अर्धशिशीवरचं मोठं अस्त्र होतं, त्या मुंबईहून मागवल्या. हल्ला सुरू होताक्षणी घ्यायची ती गोळी. पण हिचा हल्ला संपतच नव्हता तर सुरू कधी होणार? सगळी अस्त्रं पाण्यात गेली.

एक गोष्ट मात्र मी हेरली होती. बोटी बंद झाल्या, होड्या वर ओढल्या, मासळी थांबली की जूनमध्ये भागीकाकीचं डोकं भयंकर दुखायचं, अगदी बघवत नसे. मग हळूहळू ते उतरायचं आणि श्रावणात ती चक्क बरी असायची. गणपतीनंतर बाजार भरात आला की पुन्हा सुरू. मी निदान केलं: उन्हाची तिरीप आणि बाजारातला कोलाहल हे मूळ. पावसाळ्यात ढग असतात, विश्रांती असते, म्हणून बरं वाटतं. जूनमधली तेवढी भयंकर डोकेदुखी माझ्या निदानात बसत नव्हती, ती मी दमट हवेवर ढकलली. डॉक्टरला काही सुचलं नाही की हवेवर ढकलता येतं, ही आमच्या धंद्याची मोठीच सोय आहे.

आणि मग एका वर्षी श्रावण आला तरी काकीचं डोकं उतरेना. आकाशात ढग, बाजार बंद, काकी घरात जाळी विणत बसलेली, आणि डोकं रोज दुखतंय. माझं निदान कोसळलं ते कोसळलंच, पण त्याहून वाईट म्हणजे येसोचा निरोप आला. गणपतीला येतो, आणि दिवाळीच्या बोटीनं आईला कायमची मुंबईला नेतो. तिकडे मोठे डॉक्टर आहेत, इथे तिचे हाल होतायत.

काकी दवाखान्यात येऊन बाकावर बसली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

"येसोच्या खोलयेत धा झिलगे निजतत. मी थंय खंय निजतलंय? माझी पिंपळाखालची जागा दुसरी कोण तरी घेयत. एकदा गेली ती गेली. बाय, कायव कर, पण माका मुंबैक धाडू नको. थंय समुद्रसुदीक नाय."

"समुद्र आसा गो मुंबैक," मी म्हटलं.

"तो तेंचो," काकी म्हणाली.

तिला काही सुचवण्यासारखं माझ्याजवळ उरलं नव्हतं, आणि हे मला फार लागलं.

गणपतीत मी तिच्याकडे दर्शनाला गेले. येसो आला होता. तिशीचा, अंगानं किरकोळ, आईच्या मागेपुढे करणारा. गणपतीपुढे दोन समया, वर बांधलेल्या लाकडी माटवीला नारळ-सुपाऱ्या टांगलेल्या, घर लख्ख सारवलेलं. काकीनं मला पाटावर बसवलं आणि चहा आणला. बशीत दोन बिस्किटं होती. आणि बिस्किटांच्या शेजारी एक पांढरी गोळी.

"काकी, ह्या काय?"

"घे गो. येसोन हाडल्यान. च्यावांगडा बरी लागता."

"पण माझा टकला दुखणा नाय."

"दुखणा नाय म्हणान काय झाला? पावण्याक देवक होया."

मी गोळी उचलून उजेडात धरली. डोकेदुखीची साधी गोळी, गिरण्यांच्या दवाखान्यांत मिळायची तसली. मी शक्य तितक्या शांत आवाजात विचारलं, "तू कधी घेतंस ही?"

"रोज खंय घेतंय? सकाळी च्यावांगडा एक. कामातसून उठलंय काय एक. आणि राती येसोची याद इली काय एक."

"आणि याद रोज येता?"

"आवशीक याद येवची नाय?" ती आईच्या तोऱ्यात म्हणाली.

पुढचं ऐकताना माझ्या हातातला चहा निवून गेला. गोळ्या ती मागवत नव्हती, येसोच धाडत होता. कुणी गाववाला येणार असला की बिस्किटांच्या डब्यात गोळ्या. जूनमध्ये बोटी थांबल्या की डबा रिकामा व्हायचा. तेव्हा डोकं सूड घेतल्यासारखं दुखायचं, आणि मग गोळीवाचून राहायची सवय झाली की श्रावणात शांत व्हायचं. येसोला एवढंच कळलं होतं की जूनमध्ये आईला फार त्रास होतो. म्हणून त्या वर्षी त्यानं शेवटच्या बोटीनं मोठा डबा धाडला होता, सगळा पावसाळा पुरेल असा. माझं श्रावणाचं निदान ढगांनी नव्हे, त्या डब्यानं कोसळवलं होतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर अर्धशिशीच्या डोक्याला वेदनेची गोळी रोज मिळू लागली की ते गोळीला सोकावतं. गोळीचा असर उतरला की ते दुखून दुसरी मागतं. माणसाला वाटतं दुखणं जुनंच आहे आणि गोळी ते शमवते. खरं म्हणजे गोळीच पुढचं दुखणं पेरत असते, आणि हे चालू असेतोवर दुसरं कुठलंही औषध लागू पडत नाही. याला आता डॉक्टरी नाव आहे. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, मी बोटींच्या वेळापत्रकावरून ते शिकले.

"काकी, इतकी वरसां मी इचारतंय, औषध काय घेतंस म्हणान. ह्या माका सांगूक नाय?"

काकी माझ्याकडे बघतच राहिली. "ह्या काय औषध? ह्या माझ्या झिलान धाडलेला."

राग येणारी बाई मी, पण तिच्यावर रागवायला जागाच नव्हती. औषध म्हणजे डॉक्टरीण देते ते. मुलगा धाडतो तो खाऊ.

येसोला मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावलं. आधी विचारलं, एवढ्या गोळ्या तुला मिळतात तरी कशा?

तो लाजला. "मी एकटो नाय, बाय. खोलयेतले आमी सगळे दवाखान्याच्या रांगेत रवतंव. टकला दुखता म्हणान सांगतंव. प्रत्येकाक दोन गावतत. त्यो आवशीसाठी साठवतंव."

एका खोलीतले सगळे गाववाले, धडधाकट, डोकी शाबूत, आळीपाळीनं कपाळ धरून रांगेत उभे. त्या गिरणीच्या डॉक्टरला आमच्या गावच्या पाण्याबद्दल काय वाटलं असेल! मला हसू आवरेना. पण पुढचं सांगायचं होतं, आणि ते सांगितल्यावर हसू दोघांचंही गेलं.

"म्हणजे," येसो म्हणाला, "आवशीक मियाच इख घातलंय?"

"विष नव्हे रे. तू प्रेमानं धाडलंस, तिनं प्रेमानं खाल्लं. डोक्याला ते कळत नाही, त्याला मी काय करू?" मी त्याला अट घातली. गोळ्या आजपासून बंद. थोडे दिवस ती फार भोगेल, मग उतार पडेल. दिवाळीपर्यंत उतार पडला नाही, तर मी स्वतः तिला बोटीत बसवून देईन.

तो कबूल झाला. जाताना मात्र उंबऱ्यात थांबला. "बाय, मगे मी आवशीक धाडू तरी काय?"

"बघू," म्हणून मी वेळ मारून नेली.

खरा प्रश्न होता डबा तिच्या हातातून काढायचा कसा. मी मागितला तर ती माझ्याच डोक्यात घालणार. मुलानं दिलेलं टाकून देणं तिच्यानं होणार नव्हतं, आणि येसोची परत मागायची छाती नव्हती. शेवटी तोड येसोनंच काढली. विसर्जनाच्या दिवशी गणपती पाटावर घेतला आणि तो आईला म्हणाला, "आये, ह्यो डबोय देवावांगडा पोचवया. तुझा दुखणा देव घेवन जातलो." काकीनं फळीवरचा डबा काढला, पदरानं पुसला, त्यावर कुंकू लावलं आणि स्वतः डोक्यावर घेऊन किनाऱ्यापर्यंत चालत आली. टाकून द्यायला तयार नसलेली बाई बोळवण करायला तयार झाली. गणपतीबाप्पा मोरयाच्या गजरात गोळ्या समुद्रात गेल्या. त्या हंगामात आमच्याकडच्या बांगड्यांची डोकी अजिबात दुखली नसावीत.

काकीचं मात्र दुसऱ्या दिवसापासून दुखू लागलं. येसोची रजा संपली, तो गेला. मी रोज तिच्याकडे जायची. अंधारी खोली, ओली पट्टी, मीठ घालून पेज, ती पोटात ठरली नाही तर पुन्हा पेज. मालवणी शिव्यांचा माझा अभ्यास सावंतवाडीत झालेला आहे असा माझा समज होता. त्या खोलीत कळलं की ती नुसती बाराखडी होती. "तुझ्या दवाखान्यार वीज पडांदे!" ही त्यातली छापण्याजोगी. पण सगळ्यात झोंबली ती शिवी नव्हतीच. "माझ्या झिलाची माया तुका बघवणा नाय," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी बाहेर येऊन विहिरीवर तोंड धुतलं आणि मग आत गेले.

एका दुपारी ती उठून बसली, माझा हात धरला. शिव्या नाहीत, काही नाही. "एक दी, बाय. एकच." माझ्या बॅगेत गोळ्या होत्या. तिची दशा बघून माझा हात बॅगेकडे गेला, हे खरं आहे.

"देतंय," मी म्हटलं. "पण मगे दिवाळयेक मुंबय."

काकीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "तुझी बॅग दाराभायर ठेव. हयसर हाडू नको."

त्यानंतर मी बॅग ओट्यावर ठेवून आत जाऊ लागले. आणि मग एका सकाळी गेले तर काकी मागल्या दारी बसून नारळ खवत होती.

"दुखणा नाय," ती हळूच म्हणाली. "कालपासना नाय. माका भय वाटता गो."

मला रडू आलं. तिला सांगितलं, भिऊ नकोस, आता नसण्याची सवय कर.

अर्धशिशी मुळातून गेली नाही. ती जात नाहीच. पण ती पूर्वीसारखी अधूनमधून येऊ लागली, आणि आली की माझी ती बुरशीची गोळी आता कामाला येई. काकी पिंपळाखाली परत बसली. दिवाळीला येसो बोटीतून उतरला तो घरी न जाता थेट बाजारात आला. मी तिथेच सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेत होते. काकी एका गिऱ्हाइकाला धारेवर धरून होती. येसो खांबासारखा उभा राहून तो आवाज ऐकत होता. तिनं त्याला बघितलं, गिऱ्हाईक सोडलं आणि त्याचे दोन्ही हात बघितले.

"काय रे येसो, हात हलयत इलंस?"

बिचारा बिस्किटंसुद्धा आणायला घाबरला होता. पण मुंबईला न्यायचा विषय त्यानं काढला नाही, ना त्या दिवाळीत ना पुढे कधी.

त्यानंतर मी माझा प्रश्न बदलला. डोकं धरून येणाऱ्याला 'औषध काय घेतोस' विचारणं सोडलं आणि 'मुंबईहून काय आलंय' असं विचारू लागले. घराघरांतून डबे निघाले. त्याआधी ज्यांना मी दमट हवा सांगून परत पाठवलं, त्यांची आठवण आली की अजून हळहळते.

येसोला उंबऱ्यात द्यायचं राहिलेलं उत्तर मी दिवाळीत दिलं. म्हटलं, आता तिचं डोकं अधूनमधून उठतं ते उन्हाच्या तिरिपीनं. त्यावर काही सापडलं तर बघ. शिमग्याच्या सुमाराला बोटीनं एक पुडकं आलं. त्यात काळा गॉगल होता.

नऊवारी लुगडं, नाकात नथ, पुढ्यात बांगड्यांची टोपली आणि डोळ्यांवर सिनेमातल्यासारखा गॉगल. बाजार हसून हसून लोळला. "काकी, सिनेमात गेलंस काय?" कुणीतरी विचारलं. "गेलंय. तू तिकीट काडून ये, मगे बांगडो घे." शिवाय तिच्या डोळ्यांत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसेनासं झालं, त्यामुळे भाव करायची उरलीसुरली हिंमतही गेली.

एकदा आभाळ भरून आलेलं असताना ती दवाखान्यात आली, कशाला ते आता आठवत नाही. खोलीत इतका अंधार की मी कंदील लावायच्या बेतात होते. काकी बाकावर बसली ती गॉगल लावून.

"काकी, आज ऊन खंय आसा?"

"नाय आसा," काकी म्हणाली. "पण येसोची याद इली."

रोज कितीही वेळा घेतलं तरी बाधत नाही असं ते एकच औषध माझ्या सगळ्या डॉक्टरकीत मला सापडलं. मी तिला म्हटलं, लाव गो काकी, काढू नको.